तळघरातला भाद्रपद

भाद्रपद लागला की मला घरात बसवत नाही. बायको म्हणते, "दुकान पोरानं सांभाळलंय, गुडघे तुमचे गेलेत, आता कुठं निघालात?" मी म्हणतो, "येतो जरा," आणि छत्री घेऊन निघतो. मुकुंदवाडीच्या स्टेशनापासून आतल्या गल्ल्या धरायच्या आणि जिथं जिथं इमारतीखाली बेसमेंट दिसेल तिथं पाच-दहा मिनिटं उभं राहायचं. बाकी काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं. मागच्या आठवड्यात एका वॉचमननं हटकलं, "काका, कोण पायजे?" म्हटलं, कुणी नको, मोटर ऐकतोय. त्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि खुर्ची जरा आत ओढून घेतली. त्याचं काही चुकलं नाही.

तळघरातल्या खड्ड्यात बसवलेली मोटर चालू होताना आधी घुमते. मग पाइपातून पाण्याची खळखळ येते, दीड-दोन मिनिटं चालते, खट् करून थांबते. त्यानंतरची शांतता मी मोजतो. दहा मिनिटांची असली तर ठीक आहे. पाचाची असली तर झरा जोरात आहे. वीस झाली, पंचवीस झाली आणि मोटर काही बोलेना, की मी मनात कारणं मोजायला लागतो. लाइट गेली असेल, गाळ अडकला असेल, कुणी बटण बंद केलं असेल. इमारत दुसऱ्याची, मोटर दुसऱ्याची, माझा काडीचा संबंध नाही. तरी पाय तिथून हलत नाहीत.

लोकांना वाटतं तळघरात येणारं पाणी पावसाचं असतं. अहो, पावसाचं पाणी निदान दिसतं तरी. ते पायऱ्यांवरून येतं, त्याला विटांचा उंबरा घातला की भागलं. आमचं दुखणं वेगळं आहे. आमच्या शहराखाली काळा खडक, त्याच्यावर मुरूम. आषाढ-श्रावणात पडलेलं पाणी मुरूम पिऊन बसतो, ते खडकावर साचत राहतं. मग भाद्रपदात, वर चांगलं ऊन पडलेलं असतं, बायका गच्चीवर मूग वाळत घालत असतात, आणि खाली फरशीच्या सांध्यांतून पाणी वर यायला लागतं. मालकाला आषाढात सांगायला जावं तर तो म्हणतो, कोरडं ठणठणीत आहे की सगळं. या एका वाक्यावरून मी कितीतरी मालकांशी भांडलोय.

त्यावर इलाज साधा आहे. तळघराचा सगळ्यात खोलगट कोपरा बघायचा, तिथं माणूस उकिडवा बसेल एवढा खड्डा घ्यायचा, तळाला खडी, वर जाळी, आत मोटर. मोटरला वायरीनं लोंबणारा एक प्लास्टिकचा बंद डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. खड्ड्यात पाणी चढलं की डबा तरंगत वर येतो आणि मोटर चालू होते. पाणी उतरलं की डबा खाली, मोटर बंद. माणसानं हात लावायचं कामच नाही, माणसानं हात लावला की बिघडतं. हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, आणि सांगताना दर वेळी मला माझीच लाज वाटत आली.

आमचं गाव देवगाव रंगारी. तिथं वडलांचं अर्धं आयुष्य पाणी वर काढण्यात गेलं. इंजिनाचा पट्टा, डिझेलचा वास, विहिरीत उतरून पाइपाच्या तोंडाशी अडकलेला गाळ काढायचा. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी ताटाएवढं पाणी उरायचं, तेही वडील वाटीनं घागरीत भरायचे. त्या घरात वाढून मी शहरात आलो, जळालेल्या मोटरीत नवी तार भरायला शिकलो, आणि माझ्या नशिबी धंदा आला तो पाणी बाहेर फेकायचा. सुरुवातीला जीव कासावीस व्हायचा. नितळ, गार पाणी, त्याची धार सरळ गटारात. वडील एकदा इथं आले होते. एका इमारतीच्या पाइपातून पडणारी धार बघून उभेच राहिले.

"हे कुणाचं रे पाणी?"

"कुणाचंच नाय, बाबा."

वडलांनी चपला काढल्या, त्या धारेखाली दोन्ही पाय धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि मग घरी आले.

हे सगळं सांगतोय ते आक्काच्या तळघराकडं जायला मन धजत नाही म्हणून. पण त्या भाद्रपदाशिवाय माझ्याकडं सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

आक्का माझी थोरली बहीण, गंगापूरला दिलेली. दाजी गेले तेव्हा ती पस्तिशीची होती, पदरात मूल नव्हतं. घरात थोरले दीर, जाऊ, त्यांची मुलं, गडीमाणसं, उसाचा आणि कापसाचा व्याप. पुढची दहा-बारा वर्षं आक्काचं काम चुलीपुढं. तिला वाईट वागवत होते असं मी म्हणणार नाही. दोन वेळचं जेवण होतं, दिवाळीला लुगडं होतं. पण तिला कुणी काही विचारत नव्हतं. कपाशी कधी वेचायची, पाहुण्यांना काय द्यायचं, अगदी भाजीत मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा नाही. हात मात्र सोन्याचा. जुन्या धोतराचा असा सदरा शिवायची की कापड नवं वाटावं. शहरात जाऊन शिवणाचा कारखाना काढते, असं ती म्हणाली तेव्हा घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. मग दीर म्हणाले, "दिवाळीपस्तोर बघा. जमलं तर जमलं, नाय तर आपलं घर हायेच." बोलणं मऊ होतं. त्याचा अर्थ एवढाच, की जमलं नाही तर परत यायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. आक्कानं मान हलवली आणि आठ दिवसांत मशीन बांधली.

जागा मीच शोधली, मुकुंदवाडीतच, एका दुमजली इमारतीचं तळघर. उन्हाळ्यात गार, प्रशस्त, रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून मग एक वळण. आक्का भिंतीला हात लावून म्हणाली, "ओल हाये बाळू." मी म्हटलं, "आक्का, मी हाये ना. तुझ्या पायाला पाणी लागू देनार नाय." शब्द देताना माणूस किती सहज देतो, याचं आता नवल वाटतं. स्वतःच्या हातानं खड्डा घेतला, नवी मोटर घातली, बादलीनं पाणी ओतून फ्लोट तिला दाखवला. डबा वर आला, मोटर घुमली, ती हसली. म्हणाली, "लई शहाणी हाये की ही."

चार मशिनी, ट्यूबलाइट, कोऱ्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. समोरच्या घरातली रजियाआपा तिच्याकडं शिवायला यायला लागली, आणखी दोघी आल्या. श्रावणात मोठं काम मिळालं: जालन्याच्या एका बँडवाल्याचे चाळीस कोट. लालभडक कापड, पांढरी किनार, छातीवर सोनेरी दोऱ्या, खांद्यावर गोंडे. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू, त्याआधी दिवाळीला कोट हवे होते. आक्का म्हणाली, हे चाळीस नीट गेले की मी कुठंच जात नाय. रजियाआपा गोंडे बांधता बांधता तोंडानं बँड वाजवायची आणि आक्काला हसू आवरायचं नाही. मी तिला तशी हसताना माहेरीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

दर शनिवारी मी मोटर वर काढायचो. शिवणाच्या खोलीत धागे सगळीकडं जातात. जाळी चुकवून खड्ड्यात उतरायचे आणि मोटरच्या पंख्याला गुंडाळून बसायचे, लाल, सोनेरी, बोटभर जाड. पात्यानं कापून काढायचे, खडीवरचा गाळ उपसायचा, मोटर परत सोडायची. दुसऱ्या कुणाच्या मोटरीची मी अशी सेवा केली नाही.

आणि मग ते पाणी. तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, कधी पाचाआड. गल्लीत ड्रम, टाक्या, घागरी, दाराशी चपलांपेक्षा भांडी जास्त. आणि आक्काच्या तळघरातून दर दहा मिनिटांनी बादलीभर नितळ पाणी गटारात पडायचं. पहिल्यांदा रजियाआपाच म्हणाली, "भाई, इत्ता साफ पानी गटर में काय कू छोडरे? हमारे बर्तन पडे हैं ना घर में." दुसऱ्या दिवशी धारेखाली एक बादली, चौथ्या दिवशी सात. पण मोटर आपल्या वेळेनं चालणार. बायका भांडी मांडून बसायच्या, मोटर गप्प. उठून गेल्या की चालू. भांडणं व्हायला लागली.

त्यावर तोड मी काढली, ते माझंच डोकं. फ्लोटच्या डब्याला एक नायलॉनची दोरी बांधली, खड्ड्याच्या तळातल्या कडीतून ओवून वर आणली आणि भिंतीत खिळा मारला. दोरी ताणून खिळ्याला अडकवली की डबा तळाशी दाबलेला, पाणी कितीही चढो, मोटर गप्प. दोरी खिळ्यावरून काढली की डबा वर आणि मोटर चालू. म्हणजे दिवसभर खड्डा भरू द्यायचा, उघाड असली की तो संध्याकाळी जेमतेम काठाला लागायचा, आणि सकाळी सात, संध्याकाळी पाच, दोरी काढून बायकांना पाणी द्यायचं. नियम एकच होता. तळघर सोडून जाताना दोरी खिळ्यावरून काढायची, मोटर तिची तिला चालू द्यायची. जो गिऱ्हाइकांना फ्लोटला हात लावू नका म्हणून सांगत फिरायचा, त्यानं हे केलं. दुसऱ्या गावचा फिटर असता तर त्याला हे सुचलं नसतं. ज्यांच्या घरात वाटीनं घागर भरली जाते त्यांनाच हे सुचतं.

पाच वाजता गल्लीत रांग लागायची. आक्का पायरीवर उभी राहायची, पदर खोचून. "रांगेनं या गं. लेकुरवाळीला आधी घ्या." बायका तिला विचारायच्या, आक्का, उद्या मिळंल का, आक्का, पाहुणे आलेत दोन घागरी जादा घेऊ का, आक्का, हे पाणी प्यायला चालंल का. ज्या बाईला कुणी मिठाचं विचारत नव्हतं तिला आता अख्खी गल्ली विचारत होती. मी समोरच्या ओट्यावर बसून बघायचो. मला माझ्या दोरीचा केवढा अभिमान वाटायचा तेव्हा.

पितृपंधरवड्यात दाजींची तिथी आली. आक्का पहाटेच्या एस्टीनं गंगापूरला गेली, दुसऱ्या दिवशी येणार होती. तळघर बंद होतं, किल्ली माझ्याकडं. बारा वाजता मी एक चक्कर मारली. दोरी खिळ्यावर नव्हती. आक्कानं ती जाताना काढून ठेवली होती, नियमाप्रमाणं. डबा मोकळा तरंगत होता. मी बघत असतानाच मोटर चालू झाली, दोन मिनिटं चालली, बंद झाली. वर जाऊन पाहिलं तर गटारातून पाणी वाहत चाललेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. नळाचा तो पाचवा दिवस होता आणि पाणी आलं नव्हतं.

मी परत खाली उतरलो. बायका पाचाला येतील, आपण पाचाला येतोच, तोवर कशाला घालवायचं, असं म्हणून मी दोरी ताणली आणि खिळ्याला अडकवली. बस, एवढंच. हात इतका सराईत होता की त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

तिथून वाळूजला गेलो, एका कारखान्यातल्या मोटरचं बेअरिंग बसवायला. दोन वाजता आभाळ भरून आलं आणि पाऊस असा कोसळला की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तीनच्या सुमाराला मला दोरी आठवली. मी म्हटलं, बेअरिंग अर्धं बसलंय, अर्ध्या तासानं काय होतंय. त्या अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. पावणेसहाला गल्लीत शिरलो तर बायका रिकामी भांडी घेऊन तळघराच्या तोंडाशी गोळा झालेल्या, सगळ्या खाली वाकून बघत होत्या.

वरचा मेन बंद करून मी उतरलो. पावसानं झरा फुटला होता, गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि ते लाल होतं. तयार झालेले सत्तावीस कोट आक्कानं घड्या करून फळीवर रचले होते, फळी वीतभर उंच. वरचे दोन तेवढे कोरडे होते. रजियाआपा माझ्यामागं वळणापर्यंत उतरली होती; मी चाचपडत भिंतीपर्यंत गेलो, दोरी खिळ्यावरून काढली, वर आलो, मेन लावला. मोटर लगेच बोलली. पाइपातून लाल पाणी गटारात पडायला लागलं. दोन्ही बाजूंना बायका कमरेवर घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणीच भांडं पुढं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. पायरीवर उभी राहून तिनं सगळं पाहिलं. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हटलं: "फ्लोट अडकला आक्का. माल हलका निघाला." मी खोटं बोललो. धंद्याची लाज होती, दिलेल्या शब्दाची लाज होती, आणि भीती होती की ही आता माझ्याकडं कशी बघेल. ती रजियाआपाच्या घरी हातपाय धुवायला गेली, तिथून आल्यावर माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर आठवडाभर कोट वाळत होते. पांढऱ्या किनारी गुलाबी झालेल्या, सोनेरी दोऱ्या काळ्या पडलेल्या. रजियाआपानं लिंबू लावलं, राख लावली. बँडवाला आला, एक कोट हातात घेऊन उजेडाकडं धरला, घडी घालून ठेवला आणि चहाही न घेता गेला. मी आक्काला म्हटलं, वरच्या मजल्यावर गाळा बघू, पुन्हा सुरू करू, तुझ्या दिरांना मी समजावतो. ती म्हणाली, "नको बाळू. माझ्याच्यानं व्हनार नाय. मला जपता येत नाय." मला वाटलं, दमली आहे. दिवाळीच्या आधी टेम्पो आणला, मशिनी मीच चढवल्या, आक्का गंगापूरला परत गेली.

बावीस वर्षं झाली त्याला. तळघरं वाढली, मोटरी सुधारल्या, नळाचं पाणी आता आठ दिवसांनी येतं. मी हजारभर खड्डे घेतले असतील. पण घरी कधी स्वस्थ झोपून पाऊस ऐकला आहे असं झालं नाही.

दाजींच्या तिथीला मी दर वर्षी गंगापूरला जेवायला जातो. यंदाही गेलो. दीर आता नाहीत, जाऊ अंथरुणाला. आक्का सत्तरीकडं झुकली तरी स्वयंपाक तीच करते. कावळ्याला घास ठेवून आली, मला ताट वाढलं, समोर बसली आणि लगेच उठली. गॅसचं बटण बघून आली. बसली, पुन्हा उठली, मागच्या दाराची कडी बघितली, हौदाची तोटी बघितली. परत गॅस.

मी हसत म्हटलं, "आक्का, किती येळा बघतीस? आता तर बघून आलीस."

"माझा भरवसा नाय रे," ती म्हणाली. "एकदा इसरले न् सगळं घालवलं." मला काही कळलं नाही. तिनं माझ्या ताटात खीर वाढली. "तू कधी बोलला नाय, म्हनून मीबी बोलले नाय. पर आता किती दिस ऱ्हायलेत. रजियानं त्याच दिवशी सांगितलं व्हतं मला. दोरी खिळ्यालाच व्हती म्हनं. तू पाण्यात उतरून काढली. एस्टीची घाई, मी काढायची इसरले. आन तू सगळ्या गल्लीला सांगितलं, फ्लोट अडकला. बहिणीचं नाव कुठं येऊ दिलं नाय. एवढं कोन करतं बाळू."

मी हातातला घास ताटात ठेवला. हे बावीस वर्षं तिच्याजवळ होतं. दर राखीला, दर भाऊबीजेला, मला ओवाळताना ती मनात हे घेऊन ओवाळत होती. मला गप्प बसता आलं असतं. त्याची सवय होती.

"आक्का," मी म्हटलं, "तू दोरी काढली व्हती. दुपारी मी गेलो तवा डबा मोकळा व्हता. बायकांसाठी मीच पुन्हा अडकवली आन वाळूजला गेलो."

तिचा हात पळीवर तसाच राहिला.

"मी काढली व्हती?"

"काढली व्हती."

"नीट आठवून सांग."

"माझ्या डोळ्यानं बघितली आक्का. तू काढूनच गेली व्हती."

तिनं पळी खाली ठेवली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, ताट ओढून घेईल. ती जागची उठली नाही. गॅसकडंही तिनं एकदा पाहिलं नाही. मग हळूच म्हणाली,

"मग मी उगंच परत आले व्हय रे?"

रागानं विचारलं असतं तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. ती खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत बसली होती.